माळरानासाठी हाइड, लेन्स आणि ट्रायपॉडचे रंग : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५

६ ऑक्टोबर २०२४

पुरंदर-बारामती पट्ट्यातल्या माळावर हिवाळाभर पुरेल असा एका माणसाचा हाइड (पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायला आत लपून बसायचा कापडी आडोसा), ६०० मिलिमीटरच्या पांढऱ्या लेन्सची गवसणी, अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि पाठपिशवी, एवढ्या चार वस्तूंचे रंग ठरवायचे आहेत. ते जमिनीवरून ठरवायचे, दुकानात काय मिळतं त्यावरून नाही. बसायची जागा खाजगी पडीक रान आहे, मालकाला विचारून घेतलेली. अभयारण्यात किंवा वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय हाइड टाकायचा नाही आणि घरट्याजवळ तर कुठेच टाकायचा नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

तयार हाइड बहुतेक गर्द हिरवा आणि पानांच्या छापाचा मिळतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्याच्या झाडीत तो शोभतो. दख्खनच्या माळावर दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की तोच हाइड काळ्या म्हशीसारखा उठून दिसतो. लष्करी छाप मुद्दाम टाळला. सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये नवा गणवेश आणला, त्याच्या छापाचे हक्क राखलेले आहेत. शिवाय तसे कपडे घालून रानात वावरणारा माणूस गावकऱ्यांना आणि पोलिसांना नाहक कोड्यात टाकतो. साध्या मातकट रंगांचे तुकडे नीट जोडले तर काम भागतं.

१३ ऑक्टोबर

रंगांची मोजणी केली. पद्धत सोपी आहे. करडं कार्ड (१८ टक्के उजेड परतवणारं) गवताला टेकवून उभं करायचं. त्याच्यासकट फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने रंग-उजेड न बदललेल्या) घ्यायचा, एकदा सकाळी ८ ला, एकदा दुपारी १ ला. संगणकावर कार्डाचा उजळपणा ५० वर बसवायचा (० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा) आणि मग बाकीच्या गोष्टींचे आकडे वाचायचे. मोबाइलच्या तयार फोटोवर हे करू नये, कारण मोबाइल स्वतःच सावल्या उजळतो आणि रंग भडक करतो.

वाळलेलं मारवेल आणि पवन्या गवत ६४ ते ६८. कुसळी थोडी गडद आणि तांबूस, ५८ च्या आसपास. उघडा मुरूम ५० ते ५३. गवताच्या बुडख्यातली सावली २६ ते ३०. आपल्या सामानाचे आकडे : पांढरी लेन्स ८८, काळा लेन्सहूड (लेन्सच्या तोंडावरचा नळा) १४, तयार हिरवा हाइड २८, ट्रायपॉडचे पाय उन्हात थेट ९५ च्या वर, कारण तिथे रंग नसून चकाकी आहे.

पुढच्या सगळ्या कामाचा पाया याच आकड्यांत आहे. आधी उजळपणा जुळला पाहिजे, हिरवा की पिवळा हा प्रश्न नंतरचा. उजळपणा जुळला आणि रंगछटा थोडी चुकली तर वस्तू पन्नास पावलांवर गवतात मुरते. छटा अचूक आणि उजळपणा वीस अंकांनी खाली असेल तर ती खड्ड्यासारखी दिसते. काळा रंग लपवतो ही समजूत रात्रीची आहे. दिवसा उघड्या माळावर एवढा काळा, एवढा सलग आणि एवढा सरळ आकार नसतोच.

बंदूक रंगवणारे ज्या चुका करतात त्याही याच. नळीचा काळा सरळ दांडा, दुर्बिणीच्या काचेची चमक आणि उघडे हात-चेहरा या तीन गोष्टी माणसाला उघडं पाडतात; दस्त्यावर कोणता छाप आहे याला त्यामानाने फार कमी किंमत आहे. आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो मिटवला. पण जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्या वाचकाला हीच मोजणी जशीच्या तशी लागू पडेल. नळी आणि दस्ता कापडी पट्टीने गुंडाळावा. हलणारे भाग, दुर्बिणीच्या फिरक्या आणि वायू बाहेर पडायच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात, आणि हत्यारावरचा क्रमांक रंगाखाली जाऊ देऊ नये.

२० ऑक्टोबर

कापड : कोरं मांजरपाट, १.२ मीटर पन्ह्याचं ९ मीटर, वजन दीड किलो. ब्लीच केलेलं पांढरं कापड नको. त्याचं कारण पुढच्या नोंदीत येईल.

आधी खळ काढणं. २० लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि मूठभर रिठ्यांचं पाणी घालून तासभर उकळलं, पाणी चहासारखं तपकिरी झालं. खळ राहिली तर रंग डागाडागांनी चढतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. खात्री करायची तर वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला पाहिजे, वर मोत्यासारखा थांबता कामा नये.

मग हिरड्याची पूड २२५ ग्रॅम (कापडाच्या १५ टक्के) कोमट पाण्यात, कापड रात्रभर त्यात. पिळून, न धुता, सावलीत वाळवलं. उन्हात वाळवलं तर वरची घडी गडद होते. नंतर तुरटी १८० ग्रॅम, दोन तास. शेवटी डाळिंबाची वाळलेली साल ४०० ग्रॅम, एक तास उकळून गाळलेल्या पाण्यात कापड ४५ मिनिटं मंद आचेवर, दर पाच मिनिटांनी वरखाली करत. साल रसवंतीवाल्याकडून फुकट मिळाली. बारामती-इंदापूर भागात तिला तोटा नाही.

वाळल्यावर उजळपणा ६६, रंग जुन्या गवताचा. याहून चांगलं विकत मिळालं नसतं.

गडद छटांसाठी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. प्लॅस्टिकच्या वेगळ्या बादलीत १५ लिटर गार पाणी, १२ ग्रॅम हिराकस पूर्ण विरघळवून फडक्यातून गाळलेलं. ४५० ग्रॅम कापड एक मिनिट बुडवून काढलं, लगेच धुतलं : उजळपणा ५२, राखाडी झाक असलेला हिरवट, मुरमाशी जुळणारा. १५० ग्रॅम कापड तीन-तीन मिनिटांच्या दोन बुचकळ्यांत ३१ वर आलं, गवताच्या सावलीइतकं. उरलेलं ९०० ग्रॅम तसंच गवती ठेवलं.

पहिल्या तुकड्याला मात्र काळे ठिपके पडले. हिराकसाचे खडे तळाशी न विरघळता राहिले होते आणि कापड त्यांवर टेकलं. दुसरा धोका जास्तीचा आहे. हिराकस वाढवला की रंग गर्द होतो, पण लोहामुळे सुताचा कस जातो आणि सहा महिन्यांत कापड बोटाने फाटतं. गडद हवं तर बुचकळी वाढवावी, हिराकस नाही. बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या लोहामुळे सगळंच कापड एक-दोन छटा मळकट येतं, म्हणून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्यावं. ओल्या कापडावरून रंग कधीच ठरवू नये.

खाकी हा शब्दच खाक म्हणजे धूळ यावरून आला. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीने पांढऱ्या कपड्यांऐवजी धुळीचा रंग घेतला तो याच विचाराने. जिथे वावरायचं तिथल्या मातीशी आधी जुळवायचं.

२७ ऑक्टोबर

अतिनील तपासणी. बंद खोलीत ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च. स्वस्तातला ३९५ चा टॉर्च स्वतःच जांभळा उजेड टाकतो आणि त्यात काहीच नीट कळत नाही.

हे का करायचं? खुरी प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्या उजेडासाठी, दुसरी हिरव्या-पिवळ्यासाठी. लाल आणि हिरवा त्यांना निराळा दिसत नाही, पण निळा लखलखीत दिसतो. पक्ष्यांत चार प्रकारच्या पेशी असतात, त्यांतली एक जांभळ्या किंवा अतिनील उजेडाला जागी होते. बाजारातल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत, आणि अनेकदा ब्लीच केलेल्या पांढऱ्या कापडातही, कपडे 'पांढरेशुभ्र' दिसावेत म्हणून घातलेलं रसायन असतं. ते उन्हातला अतिनील उजेड घेऊन निळा उजेड बाहेर टाकतं. माणसाला मातकट दिसणारा शर्ट चिंकाऱ्याला निळसर झगझगताना दिसत असेल तर छापाचा उपयोग शून्य.

टॉर्चखाली रंगवलेलं मांजरपाट अगदी मेलेलं दिसलं, जसं हवं तसं. झगमगलं ते बाकीचं सगळं : शिवणीचा पांढरा पॉलिएस्टर दोरा, चेनची कापडी पट्टी, वेल्क्रोची कड, पिशवीच्या आतली लेबलं, आणि दोनदा पावडरीत धुतलेली जुनी खाकी पँट. दोरा उसवून कोरा सुती दोरा घातला. वेल्क्रो काढून लाकडी गुंड्या लावल्या, त्यामुळे उघडताना होणारा चर्रर आवाजही गेला. लेबलं कापली. पँट पाच वेळा रिठ्याने धुऊनही झगमग पूर्ण गेली नाही. हे रसायन धाग्यात बसतं, ते धुऊन काढायचा नाद करू नये. रानातले कपडे नवे घेतल्यापासून रिठ्याने किंवा साध्या साबणानेच धुवावेत, नीळही नको.

९ नोव्हेंबर

छापाचा आकार. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण छाप दुकानात हातभर अंतरावरून निवडला जातो.

निरोगी माणसाच्या डोळ्याला एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, आतलं वेगळं दिसत नाही. ३० मीटरवर हे अंतर सुमारे ९ मिलिमीटर येतं, ६० मीटरवर १७. म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरची पानं छापलेलं कापड साठ-सत्तर मीटरवर एकाच सपाट रंगाचं होतं, आणि तो रंग सगळ्या पानांची सरासरी असतो. हरणांची नजर याहून मोघम, शिकारी पक्ष्यांची कितीतरी तीक्ष्ण. म्हणून दोन मापं एकत्र हवीत : दुरून बाह्यरेषा मोडायला १५ ते २५ सेंटिमीटरचे पट्टे, जवळून पोत दिसायला ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे.

पट्टे उभे आणि थोडे तिरके बसवले, गवत वाढतं त्या दिशेने. प्रमाण गवती ६०, मुरमी ३०, सावलीचा १०. सावलीचे तुकडे खालच्या तिसऱ्या भागात जास्त, वरच्या कडेला एकही नाही. गवतात अंधार बुडाशी असतो, शेंड्याला उजेड. चिंकाऱ्याची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं ते वरून पडणारा उजेड खोडून काढायला. हाइडची गोष्ट वेगळी, तो प्राण्याची नाही तर गवताच्या जाळीची नक्कल आहे, म्हणून इथे क्रम उलटा.

बाहेरून गोणपाटाच्या २ ते ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्या आणि सुतळी, एकूण सव्वा किलो. नव्या सुतळीला तेलाचा उग्र वास असतो, ताग कातताना घातलेल्या तेलाचा. सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तीन दिवस उन्हात टाकली. पट्ट्यांची टोकं पिंजली, कात्रीने सरळ कापलेली कड ठेवली नाही.

१६ नोव्हेंबर

लेन्सची गवसणी. लांब लेन्स पांढऱ्या असतात त्याला कारण आहे. ऊन परतवून आतल्या काचा तापू नयेत म्हणून. त्यावर गर्द कापड चढवलं की तो फायदा आपण हाताने घालवतो. १ वाजता ४५ मिनिटं उन्हात ठेवून थर्मामीटरने मोजलं : गर्द हिरव्या गवसणीखाली ५१ अंश, गवती रंगाच्या गवसणीखाली ४४, उघड्या लेन्सवर ४०. तापलेल्या हूडमध्ये हवा थरथरते आणि फोटो मऊ येतो. दोष मग कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

उपाय : बाहेरचा थर गवती मांजरपाट, आतला थर पांढरं सुती कापड, मध्ये चार ठिकाणी सुतळीच्या गाठी ठेवून साधारण ५ मिलिमीटरची हवेची फट. ४२ अंशांवर आलं. आतलं पांढरं कापड बाहेर कुठेही डोकावत नाही ना, हे कड दुमडून पाहिलं. फोकसची कडी आणि स्विचेस उघडे. हूडच्या तोंडाला पिंजलेल्या गोणपाटाची झालर, ४ सेंटिमीटर बाहेर. त्याने काळ्या वर्तुळाची कड मोडते. समोरच्या काचेवर जाळी लावू नये, उजेडाकडे तोंड असताना फोटोचा पार विचका होतो.

ट्रायपॉड रंगवायचा की गुंडाळायचा? दोन पाय रंगवले, एक गुंडाळला. रंगासाठी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, स्पिरिटने पुसणं, अॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर, मग मॅट ऑइलपेंटचे दोन पातळ हात. चकाकी पूर्ण मारायला दुसरा हात ओला असतानाच मलमलीतून चाळलेली मुरमाची धूळ भुरभुरवली आणि सुकल्यावर झटकली. रंग उत्तम जमला. दहा दिवसांत जिथे पाय एकमेकांत सरकतात तिथे खरवडला आणि भुगा लॉकमध्ये गेला. रंगवायचं तर फक्त सर्वांत वरचा, न सरकणारा भाग. लॉकपासून दोन बोटं जागा मास्किंग टेपने सोडून.

गुंडाळलेला पाय जास्त टिकला. स्वतःलाच चिकटणारं ७.५ सेंटिमीटरचं बँडेज, खालून वर, प्रत्येक वेढा अर्धा आधीच्यावर. चिकटपट्टी वापरू नये. उन्हात गोंद पाझरतो, त्यावर धूळ बसते, आणि काढताना काळा चिकटा उरतो तो रॉकेलशिवाय जात नाही. पिशवीवर नुसती कापडी खोळ पुरली.

३० नोव्हेंबर

रानातली चाचणी. तयार हिरवा हाइड आणि आपला, २० पावलांच्या अंतराने. १००, ५० आणि २५ मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, मग कृष्णधवल फोटो. फोटोतला रंग काढला की उजळपणातली चूक लपत नाही.

हिरवा हाइड १०० मीटरवरून पहिल्या नजरेत सापडला. आपला सापडायला वेळ लागला, पण सापडला, आणि दर वेळी त्याच तीन जागांमुळे. एक, वरची कड तारेसारखी सरळ. दोन, झरोक्यातून मागच्या पडद्याचा उजेड, त्यात हललेली सावली. तीन, उंची. १५० सेंटिमीटरचा हाइड कमरेएवढ्या गवतात टोपी घातल्यासारखा वर राहतो.

त्यावर उंची ११५ सेंटिमीटर केली, खुर्ची काढून जमिनीवर बैठक. वरच्या कडेला जागेवरच्याच वाळक्या गवताच्या पेंड्या, दर २० सेंटिमीटरला एक, कमीजास्त उंचीच्या. मागच्या पडद्याला आतून गडद कापडाचं दुसरं अस्तर. पाठीमागून उजेड आलाच नाही की आतली हालचाल दिसत नाही. हाइड टेकाडाच्या माथ्यावर टाकू नये, उतारावर माथ्यापासून खाली टाकावा, म्हणजे मागे आकाश न येता गवत येतं.

सकाळी ७ ला वेगळंच दिसलं. दवाने भिजलेलं कापड ६६ वरून ४७ वर उतरलं होतं, शेजारचं गवत मात्र उजेडात चमकत होतं. धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी आलं की उजेड विखुरत नाही, म्हणून सुती कापड ओलं झालं की गडद होतं. गोणपाट त्याहून वाईट. हाइड रात्रभर उभा ठेवला तर सकाळचे सर्वांत मोलाचे दोन तास तो चुकीच्या रंगात असतो. सांगाडा रानात ठेवावा, खोळ घडी करून घरी न्यावी आणि उजाडायच्या आत चढवावी.

५ जानेवारी २०२५

कापडाचा उजळपणा आता ६९, सहा आठवड्यांच्या उन्हात तीन अंकांनी वर. गवतही ७० च्या पुढे गेलं आहे. डाळिंबाचा रंग गवताबरोबरच विटतो आहे, त्यामुळे पुन्हा रंगवायची गरज नाही. हिराकसाचे तुकडे मात्र हिरवटपणा सोडून तपकिरी झाले. तेही चालेल. सावलीच्या तुकड्यांपैकी निम्मे काढले, कारण गुरं चरून गवत विरळ झालं, बुडाची सावली कमी झाली.

१६ फेब्रुवारी

रानाचा पूर्वेकडचा पट्टा जळाला. काळी राख, मध्ये मुरूम, अधूनमधून न जळलेले झुबके. आकडे : राख १८, मुरूम ५१. पूर्ण प्रकल्पात काळा रंग बरोबर ठरेल अशी हीच एक जागा. गडद कापडाच्या उरलेल्या पट्ट्या खालच्या निम्म्या भागावर टाचण्यांनी लावून पाहिल्या. ५० मीटरवर झकास. पण जळालेल्या जमिनीवर ना आडोसा ना उंची, त्यामुळे हाइडचा आकारच लपत नाही, रंग कितीही जुळवा. धाविक आणि डोंबारी हे माळावरचे पक्षी अशा उघड्या जागी टिपायचे तर पोटावर झोपून, अंगावर नुसती खोळ घेऊन. त्यासाठी २ बाय १.५ मीटरची वेगळी चादर शिवायला घेतली. निम्मी मुरमी, निम्मी सावलीची.

९ मार्च

माळटिटव्या जोडीने फिरू लागल्या आणि एका जागेवरून हटेनात. बसायचं काम आजपासून बंद. मार्च ते मे त्यांची अंडी उघड्या मुरमावर असतात, आणि हाइड कितीही चांगला लपला तरी माणूस तिथे चालत जातो-येतो, पक्षी उठतो आणि अंडी उन्हात पडतात.

खोळ रिठ्याने धुऊन, सावलीत वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यात घडी घातली. टाके तीन ठिकाणी उसवले, सगळे झरोक्याच्या कोपऱ्यांत. तिथे दुहेरी पट्टी लावायची. गवसणीच्या गाठी दबून फट ३ मिलिमीटरवर आली, सुतळीऐवजी बुचाच्या चकत्या बसवायच्या. पावसाळी हिरव्या खोळीसाठी गवताची मोजणी १५ जुलैच्या आठवड्यात, पाऊस थांबल्यावर, गवत कोरडं असताना.